आमच्या विजेवरचा श्वास

लोणावळ्याजवळच्या डोंगरावर आम्ही पाच कुटुंबं मातीच्या घरांत राहतो. वीज सौर पॅनेलची, सगळ्यांना मिळून एकच बॅटरी. तिचं वायरिंग मी बावन्नाव्या वर्षी शिकून स्वतः केलं.

गेल्या पावसाळ्यात वाऱ्यानं खांब पडले आणि खालच्या वाडीची वीज गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीतला एक जण दम्यानं बेजार झालेल्या वडिलांना पाठीवर घेऊन वर आला.

"ताई, वाफेचं मशीन हाय, पन लाईट न्हाई. तुमच्याकडं चालंल का?"

ढगांमुळे बॅटरी जेमतेम होती. पाचही घरांनी आपापले पंखे, फ्रीज बंद केले आणि मी मशीन लावलं. थोड्या वेळानं त्याच्या वडिलांच्या, आबांच्या, छातीतली घरघर शांत झाली.

"कुनी बसवली ही लाईट?" त्यांनी विचारलं.

"मी," म्हणताना माझी मान आपोआप ताठ झाली.