प्रदर्शनाचं बोलावणं

काकू कोणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. सेफ्टी डोअरच्या जाळीवर किल्लीने टकटक करायच्या आणि आतून ‘कोण?’ यायच्या आधीच म्हणायच्या, ‘या हं, वाट बघते.’ हळदीकुंकू असो, सत्यनारायण असो, की बिल्डिंगची मीटिंग. तुमच्याकडेही अशा एक काकू असतील. नसतील तर तुमच्या मीटिंगला कोणी येत नसणार.

माझी त्यांची ओळख कांजूरमार्गला झाली. तिथल्या एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये आमचा समकालीन कलेचा महोत्सव भरतो. आजूबाजूच्या लोकांना आत आणणं हे माझं काम. माझं पद ‘प्रेक्षक-संवाद समन्वयक’. मुलगी काय करते असं शेजारणींनी विचारलं की आई सांगायची, बँकेत आहे.

पहिल्या वर्षी मी गेटवर मोठ्ठा फलक लावला : सर्वांना मुक्त प्रवेश. वांद्र्याहून गाड्या आल्या. समोरच्या बिल्डिंगमधून चिटपाखरूही आलं नाही. आयोजकांनी ऐकवलं, पुढच्या वर्षी असंच झालं तर महोत्सव वांद्र्याला नेऊ. म्हणजे मी घरी.

दुसऱ्या वर्षी समोरच्याच बिल्डिंगमधल्या या काकू गेटवर उभ्या राहून माझा माहितीफलक वाचत होत्या. ‘अवकाश’, ‘विस्थापन’ आणि ‘अंतर्द्वंद्व’ हे तिन्ही शब्द मी एकाच वाक्यात बसवले होते आणि त्याचा मला कोण अभिमान! वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, ‘छान आहे. मराठीत कधी लावणार?’

मी विषय बदलला. म्हटलं, प्रवेश फुकट आहे, तरी लोक का येत नाहीत?

‘बोलावल्याशिवाय कोण जातं गो कोणाकडे?’

मी फलकाकडे बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं काही दया आल्यासारखं पाहिलं की मी बोट खाली घेतलं.

त्याच संध्याकाळी किल्ली घेऊन त्या प्रत्येक मजल्यावर फिरल्या. दुसऱ्या दिवशी बायका आल्या. ठेवणीतल्या साड्या, गजरे, आणि चपला दाराबाहेर. मी धावत जाऊन सांगितलं, इथे चपला चालतात. कोणी ऐकलं नाही. काकूंनी रांग लावली आणि गणपतीच्या मंडपात करतात तसं ‘पुढे चला, पुढे चला’ सुरू केलं. सगळी दालनं बघता बघता संपली. माझा जीव तळमळला. मी काकूंना बाजूला घेऊन समजावलं, कलाकृतीसमोर थांबायचं असतं, नातं जुळू द्यायचं असतं.

‘थांबल्या की तू बोलायला लागतेस,’ काकू म्हणाल्या. ‘आणि मग विचारतेस, काय वाटलं? घाबरतात गो त्या. शाळा सुटून किती वर्षं झाली त्यांना.’

मी गप्प बसले. सोपं नव्हतं, मला पगारच बोलण्याचा होता. पण दुसऱ्या दिवशी त्यातल्या काही जणी परत आल्या. एकीने सुनेला आणलं. एक बाई एका कलाकाराने जुन्या साड्यांच्या केलेल्या भल्यामोठ्या तंबूखाली नुसती बसून राहिली आणि उठताना माझ्याकडे बघून हसली.

महोत्सव कांजूरमार्गलाच राहिला, पण आणखी एका वर्षापुरता. अहवालात मी काकूंच्या टकटकीला ‘समुदाय-केंद्री निमंत्रण पद्धती’ म्हटलं आणि शाबासकी मिळवली. काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘बरं झालं. आईला सांग.’

यंदाच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

मग महोत्सवाचा पहिला दिवस उजाडला. संध्याकाळी आयोजक येणार होते, आणि दुपार झाली तरी शेडमध्ये मी आणि वॉचमन. यंदाचा फलक मी सोप्या मराठीत लिहिला होता. वॉचमनने तो पूर्ण वाचला. आणखी कोणी नाही. आता वाट लागली, वांद्र्याला जाणार सगळं, असं म्हणत मी तासभर खुर्चीत बसून राहिले. शेवटी उठले आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये गेले.

जिना चढताना मी भाषण जुळवत होते. पहिल्या दाराची बेल दाबली आणि सगळं विसरले. दार उघडलं ते तंबूखाली बसणाऱ्या बाईने. अंगावर ठेवणीतली साडी, केसांत गजरा.

‘या ना,’ मी म्हटलं. ‘प्रदर्शन सुरू झालंय.’

तिने पदराने डोळे पुसले.

‘सकाळपासून तयार होऊन बसलेय,’ ती म्हणाली. ‘म्हटलं, काकू नाहीत, यंदा बोलवायला कोणी येतंय की नाही. वरच्या मजल्यावरच्यापण साड्या नेसून बसल्यात. जा, त्यांना बोलावून ये.’