बाहीवरची रुंद पट्टी

"मावशी, ही पट्टी काढून चार बारीक लावाच्या आहेत. परवा पायजे," कोट पुढं करत साहेब म्हणाले.

कोट हवाई दलाचा होता. साहेब स्मृति नगरचे, सुट्टीवर आलेले, महिनाअखेर रिटायर होणारे. पद ग्रुप कॅप्टन. त्या पदाला बाहीवर चार पट्ट्या. त्याच्या वरच्या एअर कमोडोरला एकच, पण रुंद. ह्या कोटावर रुंद होती.

मी कोहका वस्तीत स्टील प्लांटच्या कामगारांचे कपडे शिवते. फौजी काम माझ्याकडे येत नाही.

"तुमच्या तिकडे, हवाई तळावर टेलर नाही का?" मी विचारलं.

"वहाँ सबको पता चल जाएगा," त्यांची बायको म्हणाली.

मग कळलं. बढती बोर्ड ठरवतं, म्हणजे वरच्या साहेबांची बैठक. सगळे म्हणाले, तुमचं पक्कं. साहेबांनी नवा कोट आधीच शिवून घेतला. जुना एका ज्युनिअरला देऊन टाकला. बोर्डानं दुसऱ्याचं नाव घेतलं. आता निरोपाच्या जेवणाला हाच कोट.

"आमच्यात पोटातल्या लेकराले झबलं नाही शिवत, साहेब."

"माझी आई बी हेच म्हणे." ते हसले नाहीत.

पट्टी उसवली. शिवणाऱ्यानं खाली गोंद लावला होता. चार पट्ट्यांच्या फटींतून डाग दिसला असता. वाफ दिली, ब्रश मारला. गेला नाही. तसं कापड दुर्ग शहरातही मिळालं नाही. मग बाह्या पलटल्या. म्हणजे उसवून आतली बाजू बाहेर काढायची. डावी बाही उजवीकडे जाते, उजवी डावीकडे. लोकरीचं कापड जाड, गोंद आरपार गेला नव्हता. बाह्यांचा रंग बाकी कोटापेक्षा जरा गडद आला, एवढंच.

साहेबांनी घालून आरशात पाहिलं.

"इतकी वर्षं ह्याच चार पट्ट्या घातल्या. आज कमी वाटून राहिल्या."

"चार भी सबको नहीं मिलतीं," बायको म्हणाली.

जाताना साहेबांनी विचारलं, "काढलेली पट्टी कुठं आहे?"

"कचऱ्यात. कडक झाली ते. काय कामाची?"

"द्या."

मी शोधून, झटकून दिली. त्यांनी ती खिशात घातली.

जेवणात बाह्यांचा फरक कोणाला कळला नाही, असं त्यांच्या बायकोनं नंतर सांगितलं. म्हणजे काम चांगलं झालं. माणूस मात्र दुरुस्त झाला नाही.

पक्कं झाल्यावर या, असं मी तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगते. सोयरीक व्हायच्या आधी शेरवानी शिवायला येणारे अजूनही येतात. मी माप घेत नाही. ते दुसऱ्या टेलरकडे जातात.