गव्हाची पोळी आणि कांद्याच्या कड्या

करडी गावच्या रुखमाबाईच्या हातच्या कांद्याच्या कड्या एकदा खाल्लेला माणूस पुन्हा तिच्या घरावरून सरळ जात नसे. काहीतरी निमित्त काढून ओट्यावर टेकायचाच. चूल पेटलेली असली तर ती खाऊही घाली, पण कुणी तोंडभरून वाखाणलं की तिचा चेहरा उतरे. लोक म्हणत, बाई मोठी विनयाची. विनय कसला! त्या कड्या आपल्याला कशापायी करायला लागल्या हे तिला ठाऊक होतं, आणि कौतुक ऐकलं की तेवढंच आठवे.

सत्तर सालच्या सुमारास ती सेवकरामची दुसरी बायको होऊन करडीला आली. पहिली तापानं गेलेली, मागे पाच वर्षांची तुळसा. पोरगी मुळातच काडीची. रुखमा तिला जीव लावायचा असं ठरवूनच आली होती, पण गल्लीला तेवढा धीर कुठला! समोरची मंगलाबाई रोज विरजण मागायला यायची आणि वाटी पुढं करताना नजर टाकायची ती तुळसाच्या ताटात. सावत्र आई पोरीला काय वाढते याची उत्सुकता त्या बाईला स्वतःच्या घरच्या स्वयंपाकापेक्षा जास्त होती.

हा सगळा धानाचा मुलूख. सकाळी भात, संध्याकाळी भात, मध्ये भूक लागली तर भाताची पेज. गहू घरात असायचा तो पाहुण्यासाठी आणि जावयासाठी. कुणी चक्कीवर गहू घेऊन निघालं की वाटेत दोघं-तिघं विचारणार, "कोन आलं वो घरी?" भातानं पोट भरतं, पण ताकद येते ती गव्हानं, अशी साऱ्यांची पक्की समजूत. तेव्हा रुखमानं ठरवलं की या पोरीला आपण रोज गव्हाची पोळी घालायची, वर तूप. आणि तीही चुलीजवळ नाही. बाहेर ओट्यावर बसवून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

तुळसा दोन घास खायची आणि ताट सरकवायची. रुखमाला ती मावशी म्हणे. "मावशी, पोळीनं पोट दुखते. मले भात दे नं."

"गुमान खाय. लोकं काय म्हणतीन? सावत्र माय भातावर ठेवते म्हनतीन."

एकदा पोरीनं अर्धी पोळी हळूच गायीपुढं टाकली. नेमकं ते मंगलाबाईनं पाहिलं आणि "पोट्टीले जेवन गोड लागत नाही वाटते," असं हसत हसत बोलली. रुखमाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं तुळसाला परत ओट्यावर बसवलं, दुसरी पोळी आणली आणि एका हातानं तिची मान धरून दुसऱ्या हातानं घास कोंबला. पोरगी रडत रडत गिळत होती. गल्ली पाहत होती. रुखमाला त्या वेळी खरंच वाटलं की आपण आईचं कर्तव्य करतो आहोत.

पोरीचं पोट नगाऱ्यासारखं झालं आणि हातपाय वाळत चालले. दिवसातून कितीदा परसाकडे पळायची. कुणी दृष्ट काढली, कुणी अंगारा लावला. गल्ली तर उघडच म्हणू लागली की आतल्या आत उपाशी ठेवते. झालं, रुखमानं एका पोळीच्या दोन केल्या.

शेवटी तुळसाला उभं राहवेना तेव्हा सेवकरामनं तिला पाठीशी बांधलं आणि नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या वयस्क डॉक्टरांनी पोरीचं पोट चाचपलं, रक्त तपासलं आणि खाण्यापिण्याचं विचारलं. रुखमानं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "गव्हाच्या पोळीबिगर दुसरं देत नाही जी. तुपासंगं."

डॉक्टरांनी पोरीच्या पोटावर पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बाई, तीच बंद करा. काही लेकरांच्या आतड्यांना गहू सोसत नाही. पोळी, मैदा, रवा, काही द्यायचं नाही. भात घाला. तुमच्याकडे तर भातच पिकतो ना?"

रुखमानं तुळसाकडं पाहिलं. पोरगी तर तोंडानं भातच मागत होती.

भातावर आल्यावर दोन महिन्यांत तुळसा अंगणात पळू लागली. गालावर मांस आलं, केसांना चमक आली. सेवकराम देवाला नारळ फोडून मोकळा झाला. रुखमालाही आनंद झाला, नाही असं नाही, पण पोरगी हसत समोरून गेली की तिला ओट्यावरचा तो घास दिसायचा. शेजारणींची तोंडं बंद करायची म्हणून आपण पोरीचं तोंड भरलं, असं तिचं तिलाच वाटे. हे बोलायचं कुणाजवळ? नवऱ्याजवळ बोलली असती तर तो "जाऊ दे" म्हणाला असता, आणि तिला ते जाऊ द्यायचं नव्हतं.

मग बाजाराच्या दिवशी एक नवीनच दुःख निघालं. गल्लीतल्या पोरी समोसे, शंकरपाळे, मैदा घातलेली भजी खायच्या आणि तुळसा हात मागे बांधून बघत उभी राहायची. मागायची नाही. ते न मागणं रुखमाला सोसेना. तिनं घरी येऊन मोठाले कांदे काढले, गोल चकत्या केल्या, कड्या सुट्या केल्या, तांदळाच्या पिठात बुडवून तळल्या. तुळसानं टोपलीभर खाल्ल्या. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पोट धरून बसली.

रुखमाचा जीव अर्धा झाला. गव्हाचा कण नसताना हे झालं कसं? दोन दिवस विचार करून ती चक्कीवर जाऊन बसली आणि डोळे फाडून पाहत राहिली. टेकचंद चक्कीवाल्यानं कुणाचा गहू दळून काढला आणि त्याच तोंडात हिचे तांदूळ ओतले.

"अरे, गव्हाचं पीठ यात येत असन नं?"

"पयल्या पायलीत मांगच्याचं येतेच वो बाई. त्यानं काय होते?"

काय होतं ते तिला माहीत होतं. त्या दिवसापासून तुळसाचं सगळं दळण घरच्या जात्यावर. कढई वेगळी, झारा वेगळा, चाळणी वेगळी. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायची आणि बारीक दळायची. कड्यांच्या आतला पातळ पापुद्रा एकेक करून सोलायची, नाहीतर पीठ घसरतं. आधी कोरड्या पिठात घोळवायची, मग तांदूळ आणि लाखोळी डाळीच्या बेसनाच्या सरसरीत पिठात, त्यात ओवा, तिखट, मीठ, आणि शेवटी हातानं चुरलेल्या पोह्यांत. जवसाच्या तेलाचा फेस बसला की कड्या सोडायची, फिक्या असताना काढून घ्यायची आणि जरा निवल्यावर दुसऱ्यांदा तळायची. मग त्या अशा कुरकुरीत होत की खाणाऱ्याचा आवाज समोरच्या घरात जाई. मंगलाबाई त्या आवाजावर बरोबर यायची. रुखमा बिचारी तिलाही वाढायची.

अशी वर्षं गेली. तुळसा मॅट्रिक झाली, उंच झाली, हसरी झाली. पंच्याऐंशी साली वरठीचं स्थळ आलं. पुंडलिकराव आणि त्यांची बायको आनंदाबाई मुलाला घेऊन येणार होते. मुलगा स्टेशनवर नोकरीला. पाहुणे यायच्या आधी सेवकरामनं बायकोला बाजूला घेतलं.

"गव्हाचं काही बोलू नोको. लग्न झाल्यावर सांगू. तू बोलली अन् सोयरीक मोडली तर लोकं काय म्हनतीन ते तुले सांगाले पायजे का? सावत्रच हायेस म्हनतीन."

रुखमानं मान हलवली. पोह्यांच्या जोडीला तिनं कड्या तळल्या. पुंडलिकरावांनी दोनदा मागून घेतल्या. मुलगा खाली मान घालून खात होता, पण थांबत नव्हता. सगळं जमल्यातच जमा होतं.

"आमच्या घरी बाकी दोन्ही टाईम पोळी लागते," आनंदाबाई सहज म्हणाली. "नव्या सुनेले मी जवळ बसवून, माह्या हातानं तूप-पोळीचा घास भरवीन."

सेवकरामनं रुखमाकडं पाहिलं. दारात मंगलाबाईही येऊन उभी होतीच. रुखमानं हातातलं ताट खाली ठेवलं आणि ती बोललीच.

"नोका भरवू बाई. गहू तिच्यासाठी जहर हाये. मी लहानपनी जबरीनं खाऊ घातला, पोट्टी मरता मरता वाचली. तुम्ही करू शकत असान तिच्यासाठी अलग भात, अलग भांडे, तर न्या. नाहीतर नोका नेऊ."

पाहुण्यांनी पाणी पिऊन निरोप घेतला. आठवड्यानं वरठीहून नकार आला. सेवकरामनं बायकोशी अबोला धरला, आणि गल्लीला जे म्हणायचं होतं ते गल्ली म्हणाली.

नकार आला त्या दुपारी रुखमा जात्यापाशी नुसती बसून होती. तुळसा येऊन तिच्यासमोर बसली आणि खुंटा धरला.

"तुही सोयरीक माह्यापायी मोडली," रुखमा म्हणाली.

"मोडली तर मोडली. मावशी, तू त्याहिले सांगितलं. मले कधी सांगितलं नाही."

"तुले तर सारं मालूम होतं."

"मले ओटा आठवते. तू मान धरली होती ते आठवते. डॉक्टर तुह्यासंग बोलले, माह्यासंग कोनी बोललंच नाही." तुळसा खुंट्याकडं बघत बोलत होती. "मी गायीले पोळी टाकली होती नं, अन्न टाकलं म्हनून देवानं पोटात दुखनं देलं, असंच मले लय वर्सं वाटे. तुले माह्यापायी एवढी मेहनत पडते, मंग तू देशीन ते मी खाऊन घेवो गुमान."

आपलं पाप आपण एकटीनं वाहतो आहोत अशा समजुतीत ती इतकी वर्षं वावरली, आणि त्याच छपराखाली ही पोर उगाच दुसरंच पाप वाहत होती.

"तुहं काहीच चुकलं नोतं वो माय," ती म्हणाली. "तुले दुखत होतं ते मले दिसे. तरी मी कोंबली. तुह्यासाठी नाही, गल्लीसाठी."

"मंग आधी काहून नाही बोलली?"

"लाज वाटे. अन् मले वाटे, मी तुले खाऊ घालून घालून फेडून राहिली."

"मी तर खात होती," तुळसा म्हणाली, "पन मले काय मालूम, तू काय फेडून राहिली!"