न छेदणाऱ्या दोन रेषा

अमोनियाचा उग्र वास आला, की पिंपरीच्या कारखान्यातील, अमोनियाच्या वाफेवर यंत्रांचे नकाशे छापण्याची खोली आठवते. तिथे आम्हा शिकाऊ उमेदवारांची निवड चालली होती आणि साहेबांनी दोन समीकरणांचे आलेख काढायला सांगितले होते. माझ्या रेषा समांतर आल्या. शेजारच्याने पट्टी किंचित तिरकी करून त्याच रेषा एका बिंदूत मिळवल्या होत्या. चूक माझीच, आता गावी परतावे लागणार, या धास्तीने मी कागद तळव्याखाली झाकू लागलो. "छेदबिंदू कुठाय रे तुझा?" साहेबांनी दरडावले. "नाहीच, साहेब. दोन्हींचा उतार एकच आहे. उत्तर निघणार नाही." "मग लटपटतोस कशाला? सोमवारी कामावर ये." मी ताठ मानेने उत्तर दिले, असे सोबती आजही सांगतात. साफ खोटे! मी भेदरलो होतो. आणि भेदरूनही खरे बोललो, याचे श्रेय त्यांच्या कल्पनेतल्या धीट पोराला मी घेऊ देणार नाही.