नाना, पडदा आणि गुलाबभाऊ

दुसरबीडच्या शाळेत मी रुजू झालो, त्याच आठवड्यात वसंतनाना दारात उभे. ना नमस्कार, ना ओळखपाळख. "मास्तर, हळू आवाजात साफ वाचता येते का तुमाले?" मी हो म्हणालो आणि जत्रेतल्या नाटकाचा प्रॉम्प्टर झालो, तो आजतागायत. नानांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला तो यामुळेच. विंगेतून त्यांना इतक्या जवळून दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही.

आमच्या नाटकातला पाटील तापट. रागाच्या भरात तो निर्दोष गड्यावर चोरीचा आळ घेतो, खरं कळल्यावर भर गावात चूक कबूल करतो आणि शेवटी त्या गड्याच्याच दारात प्राण सोडतो. ही भूमिका नानांनी वर्षानुवर्षे केली. लोक दरसाल गळ घालत, "नाना, औंदा पाटलाले वाचवा ना!" नानांचं उत्तर ठरलेलं, "कबूल केलं म्हणून भोगणं सुटते काय?"

हे बोलणं एकदा त्यांच्याच अंगाशी आलं. गुलाबभाऊ आमचे पडदेवाले. त्यांनी दोर ओढून धरला की पडदा वर, सोडला की खाली. एका वर्षी रंगीत तालमीत पडदा मधेच कोसळला. नानांचा राग काय सांगावा! "झोपला होता का बे? चालता हो!" भाऊ सगळ्यांदेखत निघून गेले. मग पाहिलं तर पडद्याच्या बांबूची गाठ सुटलेली, आणि ती मारली होती खुद्द नानांनी.

दुसऱ्या दिवशी नाटकाआधी नारळ फोडायची वेळ आली. आमच्याकडे तो मान नायकाचा. मिशा लावलेले नाना लोकांपुढे आले. "गाठ माही होती, बोलणी गुलाबनं खाल्ली. आज नारळ तोच फोडीन. तो आला तं नाटक, नाही तं घरी जा!" आणि पाटलाच्या वेशातच ते गुलाबभाऊंच्या घरी गेले. भाऊ आले, नारळ फोडला आणि नानांकडे न बघता थेट दोराशी जाऊन उभे राहिले.

शेवटच्या अंकात पाटील कोसळले. आता पडदा पडायचा, तर पडेना! मी विंगेतून हातवारे करतोय आणि भाऊ दोर धरून ढिम्म. टाळ्या वाजून थांबल्या. दिव्यावरचा किडा नानांच्या नाकावर बसला, तरी मेलेले नाना हलले नाहीत. बऱ्याच वेळाने पडदा खाली आला.

"दोर अडकला होता काय बे?" नानांनी विचारलं.

"नाही. म्हटलं, भोगा थोडं."

मला धडकीच भरली. नाना मात्र खदखदून हसले आणि हसताहसता रडले. "बराबर केलं तू," म्हणत त्यांनी भाऊंना मिठी मारली. त्या मिठीत पाटलाच्या मिशा भाऊंच्या सदऱ्याला चिकटल्या.

नानांचा राग अजूनही गेलेला नाही. गौरवग्रंथात असं लिहू नये, पण लिहाच, असं त्यांनी मला बजावलंय. मी काविळीने पडलो तेव्हा नाना रोज पथ्याचा डबा घेऊन येत आणि संपेपर्यंत ओरडत समोर बसत. असा माणूस आम्हाला लाभला, हे आमचं भाग्य.

नानांना उदंड, निरोगी आयुष्य मिळो, असं आम्ही सारेच म्हणू. पण गुलाबभाऊ, दोर तुमच्या हातात आहे. त्या रात्री धरला होता, तसाच घट्ट धरून ठेवा.