दिवाळीची कड, जत्रंची कड

साताऱ्यात एमआयडीसीत मी दिवसभर मशीनम्होरं उभा असतो. शेजारचा गडी कंटाळला की सायबाची नक्कल करायला लावतो. मी करतो, तो हसतो, पर त्याच्या हसण्यात दम न्हाई. दम व्हता तासगावकडच्या त्या शाळंत, पहिलीच्या वर्गात. तिथं मी एक वरीस कंत्राटी मास्तर व्हतो. त्या पोरांची लय आठवण येती.

चित्रकला मला येत न्हवती. पर पहिलीला कोण शिकवणार म्हणून ती माझ्याच गळ्यात पडली. मग मी आपली एक युगत काढली. घरातनं एक वस्तू आणायची, कागदावर ठेवायची, भवतीनं पेन्सिल फिरवायची. वस्तू उचलली की खाली तिची कड उरती, झालं चित्र. पोरांनी वाट्या आणल्या, कुलपं आणली, उलथनी आणली. एकानं आज्याचा चष्मा आणला, आन् तासाभरानं आजा चाचपडत शाळंत आला. पेल्यानं मातर छळलं. उभा ठेवला की कड वाटीचीच येती, आडवा ठेवला की गडगडत बाकाखाली. मी परत्येक वस्तूचा आवाज काढायचो. कुलूप किल्लीवर डाफरतंय, उलथनं तव्यासंगं भांडतंय. एकदा हेडबाईंचाबी काढला, आन् पोरं हसायची एकदम थांबली. मागं वळून बघतो तर बाई दारात.

त्यात एक पोरगी व्हती, तिनं वस्तूच आणली न्हाई. कागद भुईवर टाकला, त्यावर पाय ठेवला आन् कड काढाय बसली. मी म्हणलं, ही काय वस्तू हाय व्हय गं?

"बुटाचं माप हाय सर," ती म्हणली.

तिचा बाप मिलिटरीत, लांब कुठंतरी सरहद्दीकडं. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला. बाप दर सुट्टीला बूट आणायचा, आन् दर बारीला ते लहान पडायचं. आईनं फोनवर नंबर सांगितला तरी दुकानात गेला की गडी हातानंच दाखवायचा, एवढी हाय माझी पोरगी. त्याच्या ध्यानात ती मागल्या सुट्टीतलीच असायची. म्हणून ह्या बारीला मापाचा कागद जाणार व्हता. गणपतीला आलेला गावातला एक जवान दोन दिवसांनी त्याच युनिटात परत चाललेला, त्याच्या ट्रंकंतनं.

पेन्सिल पायाला टेकवून ती थांबली. "आवं सर, पायापासनं किती सोडून काढू?"

मी म्हणलं, मला बसतील एवढं सोड, दोघं वापरू. सगळा वर्ग हसला. ती हसली न्हाई.

"पप्पा कवा येणार त्यावर हाय न्हवं," ती म्हणली.

ते आईलाबी ठावं न्हवतं, आन् सुट्टी मंजूर होईस्तवर बापालाबी न्हवतं. मग तिचं तिनंच ठरवलं. एक कड पायाला चिकटून काढली, ती आजची. तिच्या भाईर जरा सोडून दिवाळीची. तिच्या भाईर संक्रांतीची. सगळ्यात भाईर चैतातल्या जत्रंची. तिला लिहाय येत न्हवतं, नावं मी घातली. तसलाच दुसरा कागद काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवला.

दिवाळीची सुट्टी संपून पोरगी आली ती जुन्या चपलीतच. बापानं दिवाळीच्या कडंचं बूट घेऊनबी ठेवलं व्हतं, पर सुट्टी रद्द झाली. मग आठ-पंधरा दिवसांनी ती खणातला कागद काढायची, भुईवर टाकून त्यावर उभी राहायची. संक्रांतीला अंगठा दिवाळीची कड ओलांडून गेला. मी अंगठ्याच्या आवाजात बोललो, मला ढकलू नका, मागनं टाच रेटतीया. तवा जराशी हसली. मग हळूच म्हणली, "सर, पाय वाढायचा थांबवता येतो का?"

जत्रंच्या दोन दिवस आधी बाप आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला घेऊन शाळंत आला. बारीक केस, ताठ चाल, आन् हात मातर पोरीच्या हातात. तिच्या पायात तेच दिवाळीला घेतलेलं पांढरं बूट, टाच टेकली की लाल लाइट लागायचा. सगळी पोरं लाइट बघत व्हती. मी तिची चाल बघत व्हतो. तापल्या फरशीवरनं चालावं तशी चाललेली.

"सर, तुमचे उपकार हायेत. ह्या टायमाला माप बराबर आलं," तो म्हणला.

तिनं माझ्याकडं बघितलं. मी दिवसभर बडबडणारा माणूस. तवा एवढंच म्हणलं, "लय बराबर."

गडी खूश झाला. टेबलावरची पेन्सिल घेतली, एक कोरा कागद मागितला आन् तिच्याम्होरं गुडघ्यावर बसला. म्हणला, काढ बूट, म्होरल्या सुट्टीचं माप मी सोताच घिऊन जातो. पोरगी दोन्ही पाय रोवून उभी. बूट काढला असता तर आत मुडपलेली बोटं दिसली असती.

"बूट घालूनच काढा," ती म्हणली.

"आगं, मग बुटाची कड येईल. मोठी येती ती."

"येऊ दे. आमच्यात मोठीच काढत्यात. इचारा सरांना."

त्यानं वर बघितलं. मी म्हणलं, व्हय, आमची तीच पद्धत हाय. मग त्यानं डाव्या हातानं तिची टाच धरली आन् पेन्सिल फिरवाय लागला. लय हळू फिरवत व्हता. लाल लाइट लागत-इझत व्हता. आमच्या वर्गात एवढी सावकाश कड कुणी काढली न्हवती.

तिनं वरनं वाकून इचारलं, "पप्पा, ही कवाची कड म्हणून लिहायची?"

त्यानं टाचंपाशी पेन्सिल आणून रेघंला रेघ मिळवली. वर न बघताच म्हणला, "लिहू नगंस, बाळा. मोकळीच ऱ्हाऊ दे."