सांधा कळता कामा नये

वैशाली वहिनींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात, दुकानात, एका गिऱ्हाइकाला पंखा दाखवत होतो. “भावजी, हे गेले,” एवढंच त्या म्हणाल्या. सुनील माझा जुना मित्र, माझ्याच वयाचा. कॉलेजात तास घ्यायला निघाला होता, जिन्यात दम लागून खाली बसला तो उठलाच नाही. सांगलीला निघण्याआधी गाडीत बसलो आणि, का कोण जाणे, फोनवर त्याचा शेवटचा निरोप उघडला. त्याने एक गाणं पाठवलं होतं. त्याखाली मी पाठवलेला अंगठा. पसंतीचा. आणि ते गाणं मी ऐकलेलंच नव्हतं...

तो आटपाडीकडचा. घरात मेंढरं, आणि मामा दक्षिणेत सोनं गाळायच्या धंद्यात. मामा गावी येताना विलायती गाण्यांच्या कॅसेटी आणायचा, त्या सुनीलने, शिकताना आम्ही सांगलीत एकत्र राहायचो, त्या खोलीवर आणल्या. पॉप, न्यू वेव्ह ही नावं आम्हाला फार नंतर कळली. शब्द कळत नसत. पण त्या सिंथेसायझरचा गार, थोडा उदास सूर आणि खाली न थकता चालणारा ताल आम्हा दोघांना लागला तो लागलाच. पुढे तो फिजिक्सचा प्राध्यापक झाला, मी वडिलांचं दुकान धरलं. मुलं मोठी झाल्यावर दोघांनीही संगणकावर त्याच गाण्यांची री-एडिट करायला घेतली आणि मित्रांच्या मेळाव्यांत डीजे म्हणून वाजवू लागलो.

री-एडिट म्हणजे रिमिक्स नव्हे, यावर तो लोकांशी भांडायचा. गाण्यात बाहेरचं काही घालायचं नाही. त्यातलाच सुरुवातीचा ताल लांबवायचा, मधला आवडता तुकडा पुन्हा आणायचा, म्हणजे नाचणाऱ्याचा पाय अडखळत नाही. त्या काळी ड्रम वाजवणारी खरी माणसं असत, यंत्रं नव्हेत; ती कुठे किंचित पुढे धावत, कुठे रेंगाळत. मी ते सगळं संगणकाच्या रेघेवर ताठ बसवायचो. तो चिडायचा. “मेंढरं काय कवायत करत चालत्यात व्हय रं दिनू? चालू दे की त्यांच्या चालीनं.”

आमची एक रीत होती. एकाने केलेलं गाणं दुसऱ्याने ऐकायचं आणि जोडलेली जागा, म्हणजे सांधा, शोधायचा. सापडला तर करणाऱ्याने पुन्हा बसायचं. दुसऱ्याने पास केल्याशिवाय गाणं चारचौघांत वाजवायचं नाही. आधी आम्ही यासाठी तासतास फोनवर बोलायचो. मग दुकानाची दुसरी शाखा निघाली, आणि माझ्याकडून नुसते अंगठे जाऊ लागले.

अंत्यविधीनंतर मी ते गाणं ऐकलं. मध्यावर ताल धडपडत होता. एक ठोका चक्क गिळला गेला होता, लहान पोरालाही कळावं असा. जाण्याच्या आदल्याच आठवड्यात त्याने मेळाव्यात गाणी वाजवली होती. माझ्या अंगठ्यावर विसंबून त्याने हे लोकांसमोर लावलं असणार, लोक थबकले असणार, हसले असणार... हा विचार मला दुकानात, जेवताना, कुठेही सोडीना. शेवटी गेल्या रविवारी सांगलीला जाऊन वहिनींना सगळं सांगितलं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, “भावजी, ते वाजवलंच न्हाई त्यांनी. तुमाला चुकून कच्ची फाईल गेली व्हती. ध्यानात आलं तशी मी म्हटलं, दुसरी पाठवा. तर म्हणाले, थांब, आता दिनूचा फोन येतोय शिव्या द्यायला. फोन हातात घेऊन बसले. गाणं अर्धं वाजून व्हायच्या आत तुमचा अंगठा आला.”

“काही बोलला का?”

“फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, दुकानात लय गर्दी असंल.”

त्याने शिवी दिली असती तर मी ती घेऊन घरी आलो असतो. या वाक्याचं काय करावं, मला अजून कळलेलं नाही.

मेळाव्यात त्याने त्याच गाण्याचं पक्कं रूप, मी पास केलेलं नसताना, रीत मोडून, वाजवलं होतं. वहिनींनी त्याच्या खोलीत तेच लावलं. मी डोळे मिटून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. फार सुंदर झालं होतं. उत्तरार्धात मात्र, गाणाऱ्या बाईचा आवाज परत येतो तिथे, श्वास अर्धवट कापला गेला होता. सांगावं की नाही, क्षणभर घुटमळलो.

“वहिनी, एक सांधा कळतोय.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चेहरा उजळला. त्यांनी टेबलापुढची खुर्ची मागे ओढली. “मग बसा.”

मी बसलो. सुनील चांगला सहा फुटी, खुर्ची त्याच्या मापाने उंच केलेली. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. वहिनी खाली करायची कळ दाखवू लागल्या. मी म्हटलं, राहू द्या, आणि तसेच पाय लोंबकळत ठेवून तो श्वास शोधायला लागलो.